मत्सरावाचून उभी राहिलेली कथा

परीकथेला दुष्ट माणूस लागतोच, अशी आपली समजूत असते. आपल्या व्रतकथांत आवडती आणि नावडती राणी असते, सिंड्रेलाच्या गोष्टीत सावत्र आई असते. कोणीतरी मत्सर करावा, त्यातून कथा पुढे सरकावी आणि अखेरीस मत्सर करणाऱ्याला शासन व्हावे, एवढ्याने ऐकणाऱ्या मुलाचे समाधान होते. पाचा उत्तरांच्या कहाणीला हे पुरते. परंतु तीच कहाणी वाढवून तिची कादंबरी करावयाची आणि त्यातून हा मत्सरच काढून टाकावयाचा, तर कथा कशाच्या आधारावर उभी राहील? रॉबिन मॅकिन्ली या अमेरिकन लेखिकेची ‘ब्यूटी’ ही कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. १९७८ साली प्रसिद्ध झालेली ही लेखिकेची पहिलीच कादंबरी.

मूळ गोष्ट ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ या नावाने सर्वपरिचित आहे. मादाम द व्हिल्नव या फ्रेंच लेखिकेने ती १७४० साली विस्ताराने लिहिली. पुढे लंडनमध्ये मुलींना शिकविण्याचे काम करणाऱ्या मादाम द बोमाँ यांनी १७५६ साली तिचा संक्षेप केला आणि तोच जगभर पसरला. व्यापाऱ्याची जहाजे बुडतात. एका वाड्यातील गुलाब तोडल्याबद्दल पशुरूपातील धनी त्याचे प्राण मागतो. धाकटी मुलगी बापाच्या जागी जाते आणि शेवटी तिच्या प्रेमाने पशूचा राजपुत्र होतो. बोमाँबाईंच्या कथेतील थोरल्या बहिणी धाकटीला निरोप देताना डोळ्यांत पाणी यावे म्हणून कांदा चोळतात. ती माहेरी आली असता आठवड्याची मुदत टळावी आणि पशूने तिला खाऊन टाकावे, म्हणून खोट्या मायेने तिला अडवून ठेवतात. अखेरीस त्यांचे पुतळे होतात. दुसऱ्या शतकात अपुलियसने सांगितलेल्या सायकीच्या कथेतील बहिणीही अशाच मत्सरी होत्या.

मॅकिन्लीबाईंनी हा जुना धागा तोडला आहे. त्यांच्या कादंबरीतील तिन्ही बहिणींची नावे सद्गुणांची आहेत: ग्रेस, होप आणि ऑनर. लहानपणी धाकटीला आपल्या नावाचा अर्थ रुचला नाही. त्यापेक्षा ‘ब्यूटी’ बरे, असे ती म्हणाली आणि ते नाव तिला चिकटले. पुढे थोरल्या दोघी देखण्या निघाल्या आणि ब्यूटी मात्र सामान्य रूपाची, लहानखुऱ्या अंगाची, पुस्तकांत आणि घोड्यात रमणारी. तरीही तिघींत हेवा नाही. जहाजे बुडाल्यावर हे कुटुंब शहरातील घर सोडून उत्तरेकडील एका लहान गावी जाते. होपचा पती जर्व्हेन तेथे लोहारकाम करतो. ब्यूटी लाकडे फोडते, तिचा ग्रेटहार्ट हा थोराड घोडा ओंडके ओढतो. पशूचा वाडा येण्यापूर्वीचा हा भाग काहींना लांबलेला वाटेल. परक्या मुलखात बिऱ्हाड थाटून तेथीलच होऊन राहिलेल्या घराण्यांतील आमच्या वाचकांना तो तसा वाटू नये. नव्या जागी माणसे परस्परांना कशी धरून राहतात, हे त्यात दिसते आणि पुढील सर्व कथा त्यावरच उभी आहे.

कारण खरी कसोटी ब्यूटी घरी परत येते तेव्हा लागते. ग्रेसचा वाग्दत्त वर समुद्रावर नाहीसा झालेला असतो आणि ती आता मनाविरुद्ध दुसऱ्याला होकार देण्याच्या बेतात असते. तो जिवंत असल्याचे ब्यूटीला वाड्यात कळते आणि ही वार्ता बहिणीला सांगण्यासाठी ती आठवड्याची परवानगी मागते. मुदत येथेही टळते, पण ती कोणाच्या कपटाने नव्हे. घरची माणसे खऱ्या मायेने आणखी एक दिवस राहण्याचा आग्रह करतात आणि तिला नाही म्हणवत नाही. बोमाँबाईंच्या कथेत दोष द्यावयास बहिणी होत्या. येथे कोणीच नाही. दोन खऱ्या प्रेमांच्या ओढाताणीत तिसऱ्याचा जीव धोक्यात येतो. आमच्या मते हाच या कादंबरीचा गाभा आहे. ज्याला दोष द्यावा असे कोणी नसतानाही अनर्थ होऊ शकतो, हे चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाला सांगणारी पुस्तके थोडी आहेत.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही. बंदिवासात ठेवलेल्या मुलीचे प्रेम हे प्रेम म्हणावे काय? पशू रोज रात्री विवाहाविषयी विचारतो, ती रोज नकार देते आणि नकाराबद्दल तिला कधीही शिक्षा होत नाही. वाड्यातील ग्रंथालयात तर अजून लिहिली न गेलेली पुस्तकेही तिच्यासाठी मांडलेली आहेत; ब्राउनिंगच्या कविता ती तेथेच वाचते. तरीही जेथून जाता येत नाही तेथील सौजन्य अपुरेच. आमच्या समजुतीप्रमाणे लेखिकेलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच पशू तिला जाऊ देतो त्यानंतरच तिच्या होकाराला किंमत येते. परतीच्या वाटेवर वाडा सापडत नाही, ती रानात भटकते, तरी शोधीत राहते. आता तिला कोणी बांधलेले नसते.

दोष आहे तो शेवटात. शाप सुटल्यावर आरशात पाहते तो ब्यूटी स्वतःच सुंदर झालेली! ज्या मुलीने रूपावाचून आपली योग्यता सिद्ध केली, तिला बक्षीस म्हणून रूपच द्यावे, हे आम्हांस खटकले. सामान्य रूपाच्या ज्या वाचक मुलींनी तिला आपली मानले, त्यांना लेखिकेने अखेरच्या पानांत एकटे सोडले. नवल असे की याच कथेवर मॅकिन्लीबाईंनी १९९७ साली ‘रोझ डॉटर’ ही दुसरी कादंबरी लिहिली आणि तीत नायिका पशूला पशूच राहू देते. वैभवाऐवजी गावातील साधा संसार पत्करते. आपल्याच पुस्तकाला दिलेले असे उत्तर साहित्यात विरळाच.

तरीही पहिली कादंबरी आम्ही अधिक जवळची मानतो. इंग्रजी वाचणाऱ्या नातवंडांच्या हाती ती अवश्य द्यावी आणि वाचून झाल्यावर त्यांना एवढेच विचारावे: ब्यूटीने त्या एका दिवसासाठी थांबावयास हवे होते काय? उत्तर सहजासहजी येणार नाही. आले, तर ते आजी-आजोबांनीही मनावर घ्यावे. आणखी एक दिवस राहण्याचा आग्रह आपणही करीतच असतो.