‘श्यामची आई’ आणि ‘आयदान’ : बालविकासाच्या घटकांचे तौलनिक वाचन

प्रस्तावना

व्यक्तीच्या विकासावर आनुवंशिकता आणि परिस्थिती या दोहोंचा परिणाम होतो, हे विधान शिक्षणशास्त्राच्या व मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून नेहमी आढळते. परिस्थिती या शीर्षकाखाली कुटुंब, शाळा, शेजार, आर्थिक स्थिती, समवयस्क अशी यादी दिली जाते. हे घटक एका मुलाच्या आयुष्यात एकमेकांत कसे गुंततात, हे मात्र यादीवरून कळत नाही. ते कळण्यासाठी साहित्यकृतीचा आधार घ्यावा लागतो. अशा वेळी मराठीत सर्वप्रथम पुढे येते ती साने गुरुजींची ‘श्यामची आई’. अध्यापक विद्यालयांपासून पालकसभांपर्यंत या पुस्तकाचा दाखला ‘आईचे संस्कार’ या एकाच घटकासाठी दिला जातो. हे वाचन अपुरे आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातीलच दुसऱ्या बालपणाचे चित्रण असलेले उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ हे आत्मकथन (२००३) तुलनेसाठी घेतले आहे.

दोन कृतींची पार्श्वभूमी

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. ‘श्यामची आई’ त्यांनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिली व १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. प्रौढ श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्रीमागून रात्र आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी तिची रचना आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले व ही माउली घरोघर पोहोचली.

उर्मिला पवार यांचा जन्म १९४५ चा. फणसवळे हे त्यांचे रत्नागिरीजवळचे गाव. ‘आयदान’ म्हणजे बांबूच्या विणकामातून तयार होणाऱ्या टोपल्या, सुपे इत्यादी वस्तू. वडिलांच्या मृत्यूनंतर लेखिकेच्या आईने याच विणकामावर संसार ओढला. पालगड आणि फणसवळे एकाच जिल्ह्यात असली, तरी दोन्ही बालपणांत सुमारे साडेचार दशकांचे आणि जातिव्यवस्थेतील फार मोठे अंतर आहे.

‘श्यामची आई’मधील दुर्लक्षित घटक

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ युरी ब्राॅन्फेनब्रेनर (१९१७-२००५) यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात मुलाभोवती एकात एक बसलेल्या व्यवस्थांची कल्पना मांडली. घर व शाळा या निकटच्या व्यवस्था, त्यांचे परस्परसंबंध, मूल जेथे प्रत्यक्ष नसते पण ज्यांचा त्याच्यावर परिणाम होतो अशा बाह्य व्यवस्था आणि सर्वांना वेढणारी संस्कृती व समाजरचना, असे हे स्तर होत. या दृष्टीने पाहता श्यामचे घडणे केवळ आईपाशी थांबत नाही.

पत्रावळ लावण्याचा प्रसंग घ्यावा. आई-वडिलांच्या बोलण्याने श्यामला आपल्या उणिवेची जाणीव होते. प्रत्यक्ष पत्रावळ लावायला मात्र तो अक्काकडून शिकतो. जाणत्या व्यक्तीच्या मदतीने मूल आपल्या सध्याच्या क्षमतेच्या पुढचे पाऊल टाकते, ही रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की (१८९६-१९३४) यांची कल्पना येथे एका कोकणी ओटीवर साकार झालेली दिसते. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते. त्या प्रसंगात वात्सल्याइतकाच धाकही आहे, आणि आजचा अध्यापक त्याचे निर्विवाद समर्थन करू शकणार नाही.

याहून महत्त्वाचा घटक कर्जाचा आहे. पुस्तकाच्या उत्तरार्धात सावकाराचा तगादा, जप्ती आणि अब्रूची हानी यांचे सावट सतत वाढत जाते. सावकारी व्यवहार हा श्यामच्या दृष्टीने बाह्य व्यवस्थेतला. तो ठरवताना मुलाला कोणी विचारीत नाही. परंतु आईचे आजारपण, श्यामचे शिक्षणासाठी दूर जाणे आणि तिच्या अंत्यसमयी त्याचे जवळ नसणे, या सर्वांच्या मुळाशी दारिद्र्य आहे. आईचे संस्कार या दारिद्र्याशी झगडत होते, हे लक्षात न घेता त्यांची थोरवी सांगणे म्हणजे झाडाचे कौतुक करताना कातळाला विसरणे होय.

मोळीची दुसरी बाजू

दोन्ही पुस्तके परस्परांना भेटतात ती डोक्यावरच्या ओझ्यापाशी. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात मोळी पडलेल्या वृद्ध महार स्त्रीला हात देण्यास आई श्यामला सांगते आणि नंतर घरी येऊन स्नान करण्यासही सांगते. त्या काळाच्या मानाने हे औदार्य मोठे आहे. तरीही त्या स्नानात समाजरचनेची मर्यादा स्पष्ट दिसते. वाचकाला ती वृद्धा श्यामच्या डोळ्यांनी दिसते. तिच्या घरातील मुलांचे काय, हा प्रश्न कथनाच्या कक्षेत येत नाही.

‘आयदान’ची सुरुवातच डोंगरवाटांनी ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या स्त्रियांनी होते. येथे कथन करणारी त्याच स्त्रियांच्या घरातली मुलगी आहे. शिक्षक असलेल्या वडिलांचा मुलांच्या शिक्षणाविषयीचा आग्रह ही तिची मोठी शिदोरी. परंतु ते तिच्या लहानपणीच निवर्तले. शाळा हा विकासाचा पोषक घटक मानला जातो, पण या मुलीला शाळेतच शेण उचलण्याचे काम आणि गुरुजींचा मार वाट्याला आला. त्या वेळी तिची आई गुरुजींना जाब विचारते. ही आई श्यामच्या आईसारखी बोधपर बोलणारी नाही. ती कष्टाने कडवट झालेली, मुलीवर रागावणारी, अखंड विणत राहणारी आहे. तरीही मुलीच्या शिक्षणासाठी ती उभी राहते. संस्काराचे हे रूप शब्दांपेक्षा कृतीचे आहे. त्याला १९५६ च्या धर्मांतराने निर्माण केलेल्या सामूहिक आत्मभानाची जोड मिळाली. एका मुलीच्या मनातील न्यूनगंड दूर होण्यास घराबरोबर चळवळही कारण होते, हे ‘आयदान’ दाखवून देते.

संस्कारांनंतरचा विकास

आईचे संस्कार अंतिम मानणाऱ्या वाचनाला खुद्द साने गुरुजींचे चरित्रच उत्तर देते. मोळी उचलून स्नान करणारा मुलगा पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषणास बसला. या दोन कृतींमध्ये अमळनेरच्या शाळेतील अध्यापन, राष्ट्रीय चळवळ, आणि १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने लिहून घेण्याचा सहवास आहे. आईने दिलेले बीज खरे. त्याला स्नानाची अट ओलांडायला लावणारी भूमी मात्र तारुण्यात भेटली. विकास बालपणी संपत नाही, हा निष्कर्ष महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. कारण विद्यार्थी त्यांच्याकडे येतो तो याच वयात.

वाचनाच्या मर्यादा

दोन्ही कृती प्रौढ वयात केलेल्या स्मरणातून उतरल्या आहेत. ‘श्यामची आई’त पुत्राची कृतज्ञता आठवणींची निवड करते, तर ‘आयदान’मध्ये चळवळीने दिलेली दृष्टी. त्यामुळे त्यांना मानसशास्त्रीय नोंदीइतके प्रमाण मानता येणार नाही. मात्र मुलाला काय घडले यापेक्षा ते त्याला कसे जाणवले, हे समजण्यासाठी अशा कृतींइतके समर्थ साधन विरळा.

समारोप

या चर्चेला रत्नागिरीत प्रत्यक्ष व्यावहारिक अर्थ आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११३६ स्त्रिया होत्या. २०११ मध्ये हे प्रमाण ११२२ होते. रोजगारासाठी मुंबईला जाणाऱ्या चाकरमान्यांची ही दीर्घ परंपरा आहे. पुरुष दूर असलेल्या घरांत मूल वाढविण्याचा भार आईवर किंवा आजीवर पडतो. अशा वेळी विद्यार्थी मागे पडला, गैरहजर राहिला वा वाट चुकला की ‘आईचे लक्ष नाही’ असा शेरा सहज मारला जातो. ‘श्यामची आई’चे एकांगी वाचन या शेऱ्याला नकळत बळ देते. कर्ज, स्थलांतर, जात, शाळेतील वागणूक आणि समाजाचे पाठबळ हे घटक त्या शेऱ्यातून निसटतात.

म्हणून ‘श्यामची आई’ वर्गात अवश्य शिकवावी, पण तिच्याशेजारी ‘आयदान’ ठेवावे. पहिले पुस्तक आईने मुलाला काय दिले हे सांगते. दुसरे, आईला ते देता यावे म्हणून समाजाने काय द्यायला हवे होते, याची आठवण करून देते. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात शाळा आणि महाविद्यालये यांचाही वाटा आहे.