'बाह्य. शेत. दिवस' : पटकथेतील स्थळशब्दांविषयी

पटकथेतल्या संवादांची बोली प्रेक्षकाला ऐकू येते, म्हणून समीक्षाही तिची दखल घेते. दृश्याच्या डोक्यावरची स्थळाची ओळ मात्र पडद्यावर कधीच येत नाही. पण स्थळ शोधणारा, नेपथ्य उभारणारा आणि छायालेखक यांचं काम त्या ओळीपासून सुरू होतं. ती ढोबळ असली, की वऱ्हाडी बोलणारी माणसं भलत्याच मुलखात उभी केली जातात.

यवतमाळ जिल्ह्यात 'गावाबाहेरची वस्ती' एवढं लिहून भागत नाही. कोलामांची वस्ती ती पोड, बंजाऱ्यांची तांडा, पारध्यांची बेडा. तिन्हीकडे बोलणं वेगळं, राहणं वेगळं. तसंच 'रस्ता' लिहिलं तर डांबरी सडक निवडली जाईल. 'पांदण' लिहिलं, की पावसाळ्यात चाकं गिळणारा चिखल आपोआप आला आणि बंडी फसण्याचं कारणही आलं.

स्थळशब्द काळही सांगतो. राज्यात 1972 साली कापसाची एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तिच्या भरातल्या काळातलं दृश्य नुसतं 'बाजार' म्हणून लिहिलं, तर त्यातलं नाट्यच हरवतं. ते 'कापूस संकलन केंद्र' आहे : बंड्यांची रांग, ग्रेडरची नजर, प्रत ठरेपर्यंतचं ताटकळणं. इथे सौदा करायला दुसरा गिऱ्हाईकच नाही.

सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009) या दृष्टीने पुन्हा पाहावा. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि किसनाच्या बायकोला धास्ती बसते. ती पोराला बापाच्या मागावर ठेवते. इथे घर आणि वावर यांच्यातलं अंतर हेच भयाचं माप आहे. वावर निव्वळ पार्श्वभूमी उरत नाही. 'द डॅम्ड रेन' या इंग्रजी नावात शीर्षकातला संताप राहिला, पण शिवी कुठल्या मातीतली ते गेलं.

मुंबईच्या चमूला हे शब्द कळणार कसे, हा आक्षेप रास्त आहे. शब्द पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात स्थळ वर्णावं, पुढे तोच शब्द ठेवावा. उगाच बोलीची रांगोळीही नको. बँकेला बँकच म्हणावं, कारण कास्तकारही तेच म्हणतो. कसोटी एकच : त्या जागी रोज वावरणारा माणूस तिला काय म्हणतो? ते ठाऊक नसेल, तर लेखकाने ती जागा अजून पाहिलेली नाही.