'आनुवंशिक' या शब्दाची मर्यादा : सिकलसेल आणि जनुकांचे नियमन

सिकलसेल हा दादरा व नगर हवेलीतील आदिवासी समाजांत आढळणारा रक्ताचा आजार आहे. मराठी पुस्तकांत त्यास 'दात्रपेशी पांडुरोग' म्हणतात व मागे 'आनुवंशिक' हे विशेषण लावतात. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

उर्दूत याच अर्थी 'मौरूसी' हा शब्द येतो. वडिलोपार्जित जमीनजुमल्यालाही तोच शब्द लागतो. दोन्ही भाषांत ऐकणाऱ्याच्या मनावर ठसा एकच उमटतो : वारशाने आले, आता इलाज नाही. विज्ञान मात्र एवढ्यावर थांबत नाही.

सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. ऑक्सिजन कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. तरीही बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही. कारण गर्भातील हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा साखळी असते. जन्मानंतर गॅमाची जनुके हळूहळू बंद होतात. नष्ट होत नाहीत. डीएनएवर मिथाइल गट बसतात, डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरील खुणा बदलतात आणि 'बीसीएल११ए' हे प्रथिन त्या जनुकांचे काम रोखून धरते. मजकूर तोच राहतो, वाचन थांबते. यालाच अधिजनुकीय नियमन म्हणतात.

हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे हायड्रॉक्सीयुरिया गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते व वेदनेचे झटके कमी करते. २०२३ साली ब्रिटन व अमेरिकेत मान्यता मिळालेली जनुक-संपादनाची उपचारपद्धती रक्त तयार करणाऱ्या पेशींतील बीसीएल११एचाच प्रभाव कमी करते. मात्र ती अत्यंत खर्चिक आहे.

याउलट, 'विचारांनी जनुके बदलतात' असे सांगणारे लोकप्रिय लेखनही तितकेच सदोष होय. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. ती विचारांनी कमी होत नाही. म्हणून विवाहापूर्वीची रक्ततपासणी महत्त्वाची.

सारांश, 'रक्तातच आहे' हे वाक्य ऐकून एखादी आई औषध थांबवत असेल, तर दोष तिच्या अज्ञानाइतकाच आपल्या अर्धवट शब्दाचाही आहे. वर्गात व माहितीपत्रकात यापुढे 'आनुवंशिक, परंतु उपचारसाध्य नियंत्रण असलेला' असे पूर्ण लिहावे. शब्द लांबेल, पण आशा तुटणार नाही.