राक्षसाचे रडणे

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट चिरडायचे हे मला आमच्या मजल्यावरच्या कोकणातल्या शेजारणीने शिकवले. आम्ही मूळचे सातारकडचे. वडील माथाडी, म्हणून कोपरखैरण्यात घर मिळाले. इथे अंगण नाही, म्हणून न्हाणीघराच्या दाराशी कारीट ठेवून डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडायचे. तो नरकासुर. त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू असा का झालास? नंतर पाडवा येतो. त्या दिवशी आपण बळीला ओवाळतो आणि त्याचे राज्य येवो म्हणतो. बळीही असुरच! दोन दिवसांच्या अंतराने एका असुराला पायाखाली आणि दुसऱ्याला पाटावर घेणारे आपण लोक, खलपुरुषाच्या बाबतीत इतके काही भाबडे नाही. ही आठवण आधीच देऊन ठेवते, कारण पुढे ज्या कलेविषयी लिहायचे आहे तिची नुसती नावे ऐकूनच काही वाचक पान उलटतील.

ती कला म्हणजे व्हिडिओ गेम. त्यातही ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात ते, म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी भूमिका घेऊन साठ-सत्तर तास एका गोष्टीत राहण्याचे खेळ. मी बालवाडीची शिक्षिका. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत आणि त्यांपैकी दोन खपल्या. ह्या विषयावर अधिकार सांगावा असे माझ्यापाशी काही नाही. पण मुलगा कॉलेजात जातो, घर दोन खोल्यांचे आहे, आणि तो खेळत असताना मला स्वयंपाकघरातून सारे ऐकू येते. आधी ऐकले, मग उंबऱ्यात उभी राहिले, मग खुर्ची ओढून बसले. गेल्या दोन वर्षांत मी जितक्या कादंबऱ्या वाचल्या त्यांहून जास्त गोष्टी अशा बसून पाहिल्या. त्यांपैकी एकीने मला माझ्याच एका पुस्तकाची लाज आणली. ती हकीगत पुढे येईल.

वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. सुट्टीत आम्ही मुलांना तिथे बालनाट्याला नेतो. त्या भावे यांनी १८४३ साली सांगलीला 'सीतास्वयंवर' रंगवले आणि मराठी रंगभूमी सुरू झाली, हे शाळेत सर्वांनी घोकलेले असते. पण त्या परंपरेतल्या नाटकांना लोक 'अललडुर्र' नाटके म्हणत, हे फारसे कुणी सांगत नाही. राक्षस रंगमंचावर यायचा तो आरोळ्या ठोकत, थयथयाट करत, तलवार परजत. त्याला मन नव्हते, फक्त घसा होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळींनी २०२० साली 'राजी' हा खेळ काढला, तो पाहताना मला हे अललडुर्र आठवले.

'राजी' हा खरे तर रोल-प्लेइंग जातीचा खेळ नव्हे, मारामारीचा आणि उड्या मारण्याचा आहे. पण आपल्या मातीत झालेला म्हणून त्याला आधी पान वाढते. राजी ही सर्कशीत कसरती करणारी पोर. असुर येतात, तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, उचलून नेतात आणि ती त्याच्या शोधात निघते. वर दुर्गा आणि विष्णू बसून तिच्यावर आपसांत बोलत असतात. राजस्थानी धाटणीचे महाल, भिंतींवरची पुराणातली चित्रे, हातात दुर्गेचा त्रिशूळ, पुढे विष्णूचे धनुष्य! सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आहे. आमच्या आईने तोच लावायला सांगितला आणि दुर्गा बोलू लागताच पदर सावरून बसली. बहीण आणि भाऊ एवढा एकच धागा, पण तो सच्चा आहे. कड्यावरून उडी मारणाऱ्या त्या एवढ्याशा पोरीकडे पाहताना पोटात कालवते.

फक्त महाबलासुर मात्र भाव्यांच्या काळातला राहिला. त्याला दुःख नाही, तो करड्या रंगाचा नाही, ही माझी तक्रार नव्हे. प्रत्येक राक्षसाला रडवलेच पाहिजे असा कायदा थोडाच आहे! तक्रार एवढीच की त्याला जे हवे ते त्याला किती हवे आहे, हे आपल्याला आतून जाणवत नाही. तो मोठा आहे, भयंकर आहे आणि शेवटी आहे. कारीट म्हणून चालेल.

ह्याच्या उलट टोकाला मुलाच्या मित्रांचा लाडका सेफिरॉथ. 'फायनल फँटसी सेव्हन' नावाच्या १९९७ च्या जपानी खेळातला हा खलपुरुष. आपला जन्म प्रयोगशाळेतल्या एका प्रयोगाचा भाग होता हे कळल्यावर त्याचे डोके फिरते आणि तो गाव जाळतो. पोरे त्याची गोष्ट सांगताना हळवी होतात. मला त्याचे काही वाटले नाही. वाईट वाटले ते एरिथचे. तासन् तास जिच्याबरोबर वाट चाललो, जिच्या हातची विद्या लढाईत वापरली, तिला तो एका क्षणात मारतो. मग पुढच्या लढाईत तिची जागा रिकामी दिसते. कादंबरीत पात्र मेले की पान उलटते. इथे मेलेल्या पात्राची उणीव खेळणाऱ्याच्या अंगठ्याला भासते. ह्या माध्यमाची करुणरसाची खरी शक्ती ही आहे, आणि ती खलपुरुषाच्या बालपणात नाही.

'अंडरटेल' ह्या २०१५ च्या छोट्याशा खेळात ही गोष्ट आणखी कसोशीने केली आहे. तिथे वाट अडवणाऱ्या टोरिएल नावाच्या मायाळू राक्षसिणीला माझ्या मुलाने मारले. मग पश्चात्ताप होऊन त्याने खेळ मागे नेला आणि तिला वाचवले. पुढे एक फूल त्याला हसून सांगते की तू काय केलेस ते मला ठाऊक आहे. पोरगा चपापला. मीसुद्धा. मागे नेलेला खेळही विसरत नाही म्हणजे काय! असो.

आता मुख्य हकीगत. 'द विचर थ्री' हा पोलंडमधल्या सीडी प्रोजेक्ट रेड ह्यांचा, २०१५ सालचा खेळ. तो मोठ्यांसाठीच आहे, लहान मुलांसमोर लावू नये. मूळ जग आंजेय सापकोव्स्की ह्या पोलिश लेखकाच्या पुस्तकांतले, पण मी सांगते ते प्रकरण खेळवाल्यांचे स्वतःचे. गेराल्ट हा पैसे घेऊन राक्षस मारणारा माणूस आपल्या मानलेल्या मुलीच्या शोधात आहे. युद्धाने उजाड केलेल्या मुलखात एक सरदार भेटतो. लोक त्याला 'रक्तरंजित सरदार' म्हणतात. तो म्हणतो, माझी बायको ॲना आणि मुलगी तमारा नाहीशा झाल्या आहेत, त्या शोध, मग तुझ्या मुलीचे सांगतो. जाडजूड, मिश्या, हसरा, गप्पिष्ट, हातात प्याला. शोध घेता घेता उलगडते की त्या नाहीशा झालेल्या नसून पळालेल्या आहेत. तो दारू पिऊन बायकोला मारी. ती पोटुशी असताना मारले आणि मूल गेले. लढाईवरून परतला तेव्हा ती दुसऱ्याच्या घरी होती, म्हणून त्या माणसाला त्याने ठार केले होते. हे सारे तो हळूहळू, स्वतःला सोयीचे असेल तेवढेच सांगतो. आपण आणखी खोदले की आणखी थोडे सांगतो.

मग ती रात्र येते. न जन्मता गेलेले ते मूल भूत होऊन घराभोवती फिरते आहे. गेराल्टपुढे दोन वाटा असतात. मारून टाकायचे, किंवा त्याला नाव देऊन, आपले मानून, घराच्या उंबरठ्याखाली पुरायचे. दुसरी वाट धरली तर सरदाराला ते भेसूर पोर स्वतःच्या हातांवर घेऊन पावसापाण्यातून चालावे लागते. आपण बाजूने तलवार घेऊन चालतो. शेवटी तो खड्ड्यापाशी बसतो, तिला मुलगी म्हणतो, नाव देतो. मुलगा खेळता खेळता थांबला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आले, हे लपवत नाही.

आणि ते आले म्हणून मला राग आला. कारण माझे वडील पीत. मारीतही. आम्ही तिघी बहिणींनी हे घर तसेच पाहिले आहे. वडील जाऊन एकोणीस वर्षे झाली. शुद्धीवर असत तेव्हा फार चांगले बोलत, फार सुंदर रडत.

आई मागे पलंगावर बसून हे सारे पाहत होती. इंग्रजी तिला येत नाही. नातू तिला मराठीत सांगत होता. ती म्हणाली, "लई रडतंय. रडू दे. पर तिला कुणी इचारलं का रं?"

"कुणाला, आजी?"

"त्येच्या बायकूला."

पोराला उत्तर देता येईना. खेळात ॲना भेटते ती दलदलीत, तीन चेटकिणींच्या ताब्यात, अनाथ मुलांना सांभाळत, भान हरपलेली. तिची बाजू आपल्याला बहुतेक इतरांच्या तोंडून कळते. आई पुढे म्हणाली, "आन् पोरगी?" तमारा दूर शहरात सापडते. ती बापाकडे परत जायचे साफ नाकारते. बाप बदलला म्हणतात, तरीही. नातवाने हे सांगितल्यावर आई एवढेच म्हणाली, "शाणी हाय."

टीकाकाराने दहा पाने लिहून जे सांगायचे ते ह्या दोन शब्दांत आले. सरदार रडतो म्हणून हे प्रकरण थोर नाही. रडणारा दारुडा आपल्या रंगभूमीला नवा नाही. राम गणेश गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, रंगभूमीवर आला. सुधाकर वकील आहे, अपमानाने खचतो, तळीरामाच्या नादाने पहिला प्याला घेतो आणि अखेर स्वतःच्या मुलाचा व सिंधूचा घात करतो. तो दुष्ट नाही. करडा रंग म्हणतात तो हाच. पण सिंधू काय करते? मरता मरता पोलिसांशी खोटे बोलून नवऱ्याला वाचवते. बालगंधर्वांच्या सिंधूने थिएटरे रडवली. ते रडे कुणासाठी होते, आणि त्या रड्यात सुधाकरला आपण किती स्वस्तात सोडून दिले, हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. खेळातली तमारा मात्र सोडत नाही. खेळणाऱ्याने कितीही गोड उत्तरे निवडली तरी तिच्या क्षमेचे बटण कुठेच नाही. लेखकांनी ते ठेवले नाही ह्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो. ॲनाला मात्र त्यांनी मुकीच ठेवली, हा त्यांचा दोष. शिवाजी सावंतांनी १९६७ च्या 'मृत्युंजय'मध्ये कर्णाबरोबर दुर्योधनाला बोलते केले, तसे कुंतीला आणि वृषालीलाही केले. करड्या माणसाची गोष्ट सांगताना त्याच्या भोवतालच्या बायकांची तोंडे शिवावी लागत नाहीत, हे आपल्याकडे आधीच कुणी करून दाखवलेले आहे.

शेवट तर आणखी कठोर. टेकडीत कोंडलेल्या एका शक्तीला सोडायचे की मारायचे, हा निर्णय खेळणारा कधीतरी घेतो. तेव्हा त्याला सरदाराशी तिचा काय संबंध ते ठाऊक नसते. सोडली तर अनाथ मुले वाचतात, पण ॲना मरते आणि सरदार गळफास घेतो. मारली तर ती मुले जातात, पण ॲना वेडी होऊन का होईना, जगते आणि सरदार तिला डोंगरातल्या वैद्याकडे न्यायला निघतो. माझ्या मुलाने ती सोडली होती. झाडाला टांगलेला सरदार दिसला तेव्हा तो हातातले यंत्र खाली ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. तो वाईट माणूस होता असे त्याला मी म्हटले, तर म्हणाला, "माहीत आहे ना, आई. म्हणून तर." ह्याच्या पुढचे वाक्य त्याला सुचले नाही आणि मलाही सुचवता आले नाही.

त्या रात्री मी माझी दुसरी कादंबरी काढली. जी खपली ती. त्यातला दारुडा बाप म्हणजे माझेच वडील, हे ओळखीच्या सर्वांना कळले होते. त्या वेळी एका परीक्षणात लिहिले होते की लेखिकेने खलपुरुषालाही माणुसकी दिली. मला त्याचा केवढा अभिमान! मी पेन्सिल घेऊन त्यातल्या आईची वाक्ये मोजली. साऱ्या पुस्तकात सतरा. त्यांपैकी नऊ 'जेवायला वाढू का' ह्या जातीची. बापाला मात्र मी शेवटच्या प्रकरणात सहा पाने रडवले आहे.

सकाळी चकल्यांची भाजणी चाळताना आईला विचारले, तेव्हा तुला काय म्हणायचे असे? ती बराच वेळ चाळत राहिली. मग म्हणाली, "आता इचारतीस व्हय?" आणि चाळणी माझ्याकडे देऊन, पदराने हात पुसून, सांगायला बसली.