शकाराचे हसे आणि अधिकरणिकाचे भय

उज्जयिनी म्हटली की आपल्या वाचकांच्या दृष्टीपुढे प्रथम महाकालेश्वर उभा राहतो. आज आम्हांस मात्र त्या नगरीत घडणाऱ्या ‘मृच्छकटिका’तील एका पात्राविषयी लिहावयाचे आहे. देवलांनी शूद्रकाचे हे नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणले, तेव्हापासून त्यातील शकार आपल्याकडे हशाचा धनी होऊन बसला आहे. ‘स’चा ‘श’ करणारा, द्रौपदी रामाला भिऊन पळाली असे बेधडक सांगणारा हा मूर्ख पाहून प्रेक्षक हसतात आणि नटही त्या हशामागे लागतो. आमच्या मते नाटकाचा तोल येथेच जातो.

शकार हा विदूषक नव्हे. तो पालक राजाचा मेहुणा आहे. आणि त्याची बहीण तर राजाची विवाहित राणीदेखील नाही. एवढ्याशा धाग्यावर त्याची सारी सत्ता लोंबकळते. नववा अंक पाहावा. पुष्पकरंडक उद्यानात वसंतसेनेचा गळा आवळून, ती मेली असे समजून, हा गृहस्थ तोच आरोप चारुदत्तावर लादण्यासाठी न्यायसभेत येतो. आज तुमचे काम चालणार नाही, असा निरोप अधिकरणिक प्रथम धाडतो. त्यावर शकार कायदा बोलत नाही, नाते बोलतो: मेहुण्यास सांगेन, बहिणीस सांगेन, आईस सांगेन आणि या न्यायाधीशास काढून दुसरा बसवीन! अधिकरणिक निमूटपणे निरोप फिरवितो. हा अधिकरणिक दुष्ट नाही, विद्वान आहे. चारुदत्ताविषयी त्याच्या मनात आदरच आहे. शेवटी ब्राह्मणास वध नको, हद्दपारी असावी, अशी शिफारसही तो करतो. पालक राजा सुळाची आज्ञा देतो. हा प्रवेश चालू असता प्रेक्षागृहात हशा उठत असेल, तर दिग्दर्शकाचे काहीतरी चुकले आहे.

राजाचे आप्त तेवढे वाईट, असे संस्कृत नाटककार मानीत नाहीत. ‘मालविकाग्निमित्रा’त राणी धारिणीचा भाऊ वीरसेन नर्मदेकाठचा सीमेवरील दुर्ग सांभाळतो आणि आपले काम चोख करतो. कोर्या देशात मात्र बाराव्या शतकात यी जा-ग्योम या सरदाराने राजा इन्जोंगचा आजा असूनही आपल्या आणखी दोन मुली त्यालाच दिल्या, म्हणजे राजाने मावश्यांशीच लग्न केले. आणि 1126 साली हा आजा-सासरा राजगादीवरच उठला.

एवढ्या दूर जाण्याचेही कारण नाही. उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला, हे आपल्या सारस्वत वाचकांस सांगावयास नको. त्याच घराण्याच्या दिवाणगिरीवर पुढे कागलकर सर्जेराव घाटगे आले. 1798 साली त्यांची कन्या बायजाबाई दौलतराव शिंद्यांस दिली गेली, आणि त्याच वर्षी या सासऱ्यांनी पुण्याच्या सावकारांचे जे हाल केले, त्यांपुढे शकाराची चाबकाची हौस फिकी पडावी. 1809 साली ते शिंद्यांच्या छावणीतच मारले गेले. कन्या मात्र निराळ्या धातूची निघाली. दौलतरावांमागे तिने राज्य चालविले आणि उज्जैनचे गोपाळमंदिर तिच्याच नावाशी जोडलेले आहे. एकाच सोयरिकीतून हे दोन्ही निघाले, हे विसरून चालत नाही.

नाटकाच्या शेवटी पालक मारला जातो, गोपालपुत्र आर्यक गादीवर बसतो आणि चारुदत्त शरण आलेल्या शकारास अभय देतो. कित्येकांस ही क्षमा खटकते. आम्हांस ती खटकत नाही, कारण पाठीमागचा मेहुणा गेल्यावर शकारात भिण्यासारखे काही उरतच नाही. आम्हांस खटकते ते निराळेच. नव्या राज्यात भिक्षूस मान मिळतो, चंदनकास अधिकार मिळतो, गाडीवान स्थावरक दास्यातून सुटतो, चांडाळांचीही आठवण होते. अधिकरणिकाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही.