काळे सोने : अंगावरच्या दागिन्याचे छायाचित्र

एकोणिसाव्या शतकातल्या फोटोत सोने काळे दिसते. घरातल्या पणजी-खापरपणजीचे फोटो ज्यांनी निरखून पाहिले असतील त्यांना हे जाणवले असेल. गळ्याशी एक गडद पट्टा असतो, तो काळा दोरा की ठुशी हे ठरवता येत नाही. नाकातली नथ मात्र लख्ख उजळलेली. कारण अगदी साधे आहे. त्या काळच्या कलोडियनच्या ओल्या काचेला निळा प्रकाश तेवढा कळे. पिवळा आणि लाल जवळजवळ कळतच नसे. त्यामुळे सोने काळवंडे, नथीतले माणिक तर कोळसाच होई आणि मोती पांढरेशुभ्र उमटत. सगळ्या रंगांची दखल घेणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या त्या 1906 च्या सुमारास. तेव्हा त्याआधीचे फोटो समोर ठेवून 'या घरात मोत्यांचीच आवड दिसते' असे म्हणणे सोपे आहे, पण त्या विधानाला आधार नाही.

स्टुडिओवाल्यांनाही ही उणीव ठाऊक होती. छापलेल्या फोटोवर चित्रकार सोनेरी रंगाने दागिने पुन्हा काढून देई. असे रंगवलेले फोटो आज संग्राहकांच्या फार आवडीचे आहेत. देखणे आहेतच. पण एकदा कुंचला फिरला की बाईच्या गळ्यात काय होते आणि चित्रकाराने काय घातले, हे वेगळे काढणे अवघड होते. त्यात प्लेट काही सेकंद उघडी राही. माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकण लावत. माणसाला टेकण लावता येते, लोलकाला नाही. म्हणून झुबे आणि लोंबते मणी अनेकदा धुरकट दिसतात. हलण्यासाठी घडवलेली वस्तू नेमकी हलली म्हणून पुसली गेली.

ही तंत्राची अडचण झाली. हेतूची अडचण निराळी. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराचा मुंबईच्या रहिवाशांवरचा ग्रंथ दोन खंडांत निघाला, 1863 आणि 1866 साली. दुसरा खंड महाराष्ट्राचा. त्यात जातीजमातींची माणसे दागदागिन्यांसह उभी आहेत, आणि मागे देऊळ, रस्ता, झाडी. बारकाईने पाहिले की पायाखालची सावली मागच्या दृश्याशी जुळत नाही. माणसे एका जागी टिपली, पार्श्वभूमी दुसरीकडची. दोन निगेटिव्हे जोडून एक चित्र केले. पुढे वॉटसन आणि के यांनी संपादित केलेले 'पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड 1868 ते 1875 या काळात निघाले. हेतू तोच, माणूस जातीचा नमुना म्हणून नोंदवण्याचा. अशा ग्रंथांत फोटोखाली बहुतेक ठिकाणी जातीचे नाव असते, बाईचे नसते. घडवणाऱ्या सोनाराचे तर नसतेच. तरीही मी या ग्रंथांकडे पुन्हा पुन्हा जाते, कारण अंग खरे आहे. कोपराच्या वर वाकी किती घट्ट बसे, पाटल्या आणि गोठ कोणत्या क्रमाने चढवत, हे तिथे शोधता येते.

याच्या उलट टोकाला हेंडलींचे 'इंडियन ज्वेलरी', 1906 ते 1909 मधले. त्यातल्या बहुतेक प्लेटांवर दागिने सुटे, सपाट मांडलेले आहेत. नक्षीच्या अभ्यासाला ते अजून उपयोगी आहे. पण तन्मणी मखमलीवर मांडला की त्याचे सर समांतर, शाळेतल्या रांगेसारखे दिसतात. गळ्यात घातल्यावर ते गळ्याच्या हाडांवरून आपापली वाट काढतात. हाताने गाठवलेल्या दागिन्याचे खरे रूप तेच. मध्यममार्ग मला ऑपी अनट्राख्ट यांच्या 1997 च्या ग्रंथात दिसतो. हा माणूस स्वतः धातुकाम करणारा होता, म्हणून सुट्या दागिन्यांबरोबर ते घालणारी माणसेही त्याला आवश्यक वाटली.

आता आजच्या कॅटलॉगकडे वळू. हाताने घडवलेल्या दागिन्यांच्या जाहिरातीत मॉडेल हवीच, असे आता सगळेच म्हणतात, आणि ते बरोबर आहे. नुसत्या स्टँडवर ठेवलेल्या साजावरून तो गळ्यात कुठपर्यंत येईल ते कळत नाही. पण प्रत्यक्षात काय होते? फार जवळून फोटो घेताना कॅमेऱ्याला अगदी थोडी खोली स्पष्ट दिसते. नथ ती केवढीशी, तरी पुढचा मोती स्पष्ट आला की मागचा आकडा धूसर होतो. यावर उपाय म्हणजे फोकस थोडाथोडा सरकवत दहा-वीस फोटो घ्यायचे आणि ते संगणकावर एकत्र करायचे. स्टँडवर हे जमते. माणूस मात्र श्वास घेतो, आणि गळ्याशी बसलेली ठुशी प्रत्येक श्वासाला हलते. म्हणून पुष्कळदा दागिना वेगळा टिपतात, मॉडेल वेगळी, आणि मग तिच्या गळ्यावर तो बसवतात. जॉन्सनने माणसे देखाव्यावर चिकटवली होती. आपण दागिने माणसांवर चिकटवतो. आता तर संगणकानेच काढलेली मॉडेल मिळते, तेव्हा श्वासाचाही प्रश्न उरला नाही.

चिकटवलेला दागिना ओळखता येतो. त्याला वजन नसते. कानातल्या वेलाचे काम म्हणजे जड कर्णफुलाचा भार केसांवर नेणे. फोटोत तो सैल झोल खात लोंबत असेल तर तो काहीच उचलत नाही असे समजावे. भरघोस मोहनमाळ लुगड्याचा काठ थोडा दाबते, तिथे चुणी पडते. ती चुणी नसेल तर शंका घ्यावी. चापाच्या नथीची गोष्ट आणखी वेगळी. टोचलेल्या नाकातली नथ आपल्या भाराने कलते आणि गालाच्या बाजूला टेकते; चापाची नथ नाकपुडीला चिमटा काढून ताठ उभी राहते. मॉडेलचे नाक टोचलेले नसते, म्हणून चाप. बघणाऱ्याचा डोळा हळूहळू त्या ताठपणालाच नथीचे रूप मानू लागतो. बुगडीचेही तेच: कानाच्या वरच्या कडेला घालायची ती पाळीजवळ सरकलेली दिसते.

सगळ्यात खटकणारी गोष्ट पानाच्या मांडणीवाल्याची आहे. मॉडेल डावीकडे पाहायला हवी म्हणून तो फोटो आरशासारखा उलटा करतो, आणि आपल्याकडे डाव्या नाकपुडीत घालायची नथ उजवीकडे जाते. एका मोठ्या पेढीच्या छापील कॅटलॉगात लागोपाठ दोन पानांवर तीच मॉडेल, तीच नथ, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे मी पाहिली. विचारले तर उत्तर मिळाले, "कोण बघतं, ताई?"

कोण बघते ते सांगते. भांडारकर संस्थेच्या प्र. कृ. गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेचा माग काढला होता. आपल्या प्राचीन शिल्पांतल्या स्त्रिया पायापासून केसांपर्यंत दागिन्यांनी मढलेल्या असतात, पण त्यांचे नाक मोकळे असते. एवढे सारे कोरणारा शिल्पकार नथच विसरला असेल हे पटत नाही, म्हणून ते मोकळे नाकच त्या चर्चेत कळीचा पुरावा ठरते. शिल्पकाराने अंगावरचा दागिना प्रामाणिकपणे कोरला, यावर तो सगळा युक्तिवाद उभा आहे. आमच्यासारख्या पुढच्या अभ्यासकांपुढे हेच कॅटलॉग असणार. संग्रहालये सगळे दागिने जपू शकत नाहीत, आणि सोने तर मोडून वितळतेच. मागे फोटोच राहतो.

सुधारणा करणे फार खर्चाचे नाही. दहा-वीस फोटोंची जोडणी करायची तर खुशाल करा, पण त्याच दागिन्याचा, त्याच मॉडेलच्या अंगावरचा, न सुधारलेला एक तरी फोटो शेजारी द्या. धूसर आला तरी चालेल. मॉडेलची त्वचा उजळवू नका. गव्हाळ आणि सावळ्या अंगावर पिवळे सोने कसे दिसते, हे पाहूनच ते घडवलेले आहे. वजन ग्रॅममध्ये लिहिता, तसे घडवणाऱ्याचे आणि गाठवणाऱ्याचे नाव लिहा.

आणि एक फोटो मानेमागून घ्या. इतक्या वर्षांत पाहिलेल्या फोटोंत तो मला फार क्वचित सापडला. जॉन्सनची बाई समोर बघते, कॅटलॉगची मॉडेलही समोर बघते. ठुशी, चिंचपेटी, साज, सगळ्यांची लांबी ठरते ती मागे: पटवेकऱ्याने वळलेला रेशमी दोर, त्यावरची सरकती गाठ, शेवटचा गोंडा. बाळंतपणानंतर गळा भरला की दोर सैल करायचा, म्हातारपणी आवळायचा. सासूचा दागिना सुनेला होतो तो या गाठीमुळे. आता तिथे तयार साखळी आणि आकडी येते. गाठवून देणाऱ्यांचे काम त्यामुळे कमी होत चालले आहे, आणि त्यांच्या गाठीचा चांगला फोटो माझ्या संग्रहात अजून नाही.