सृष्टीदेवीच्या मांडवाबाहेर

बालकवींना (1890–1918) ‘निसर्गकवी’ म्हणून आमच्या समीक्षेने इतके गोंजारले आहे, की त्यांच्या निसर्गात कोण माणसे राहतात हे विचारायचेच राहून गेले. सृष्टीत त्यांना कोवळी, मंगल, पूजनीय स्त्री दिसते. ही दृष्टी खोटी नाही. वर्गात ‘फुलराणी’ शिकवताना तिची लय मलाही भुरळ घालते. प्रश्न त्या स्त्रीच्या घरादाराचा आहे.

‘फुलराणी’त कळीचे रविकिरणाशी लग्न लागते. दवाचा अंतरपाट, मंगलपाठ, वाऱ्याची सनई, झऱ्याचा पखवाज. म्हणजे निसर्ग म्हणून आपण वाचतो ते एका विशिष्ट घरातले लग्न असते. तसल्या मांडवात आमची माणसे कुठे होती? लाकडे फोडायला, आणि पंगती उठल्यावर उष्ट्याची वाट पाहत बाहेर. झऱ्याला पखवाज मिळाला. हलगी कुणाच्याच हाती दिलेली नाही.

‘श्रावणमासी’त मुली फुले-पत्री खुडतात, स्त्रिया देवदर्शनाला निघतात. श्रावण हा खुरपणीचाही महिना, पण रानात वाकलेली बाई त्या हिरवळीत कुठे नाही. आणि ज्या देवळाकडे ही कविता जाते, तिथे आमच्या बायांना पायरी चढता येत नव्हती. कवी गेल्यावर बारा वर्षांनी, 1930 साली, नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला. पाण्याला माता म्हणणाऱ्या समाजाने 1927 साली महाडचे तळे आमच्या स्पर्शाने बाटले म्हणून त्याची ‘शुद्धी’ केली! सृष्टीची देवी झाली की तिच्याभोवती सोवळे येते. बालकवींनी ते आणले नाही. ते त्यांच्या संस्कारातच होते. आक्षेप आहे तो त्यालाच ‘शुद्ध सौंदर्य’ म्हणणाऱ्या समीक्षकांवर.

बालकवी धरणगावचे. त्याच खानदेशात, जळगावजवळ आसोद्याला, बहिणाबाई (1880–1951) जन्मल्या. त्या आमच्या वस्तीतल्या नव्हत्या, कुणब्याच्या घरच्या होत्या. त्याही धरित्रीला आई मानतात. पण त्यांची आई पेरणी, मळणी, उपणणीतून भेटते, आणि हात मातीत घातल्याशिवाय ती काही देत नाही. इथे देवपण कष्टाच्या ओळखीचे आहे.

दया पवारांच्या कवितेतली धरण बांधणारी बाई आणखी पुढची. तिच्या घामाने वेल चढतो तो दुसऱ्याच्या मांडवावर. ती पाण्याला देवी म्हणत बसत नाही. ही कविता आमच्याकडे ‘सामाजिक’ म्हणून वेगळ्या प्रकरणात टाकतात, निसर्गकवितेत घेत नाहीत. धरणातले पाणी निसर्ग नव्हे, असे कोणी ठरवले?